चुंबकीय कणांनी पेशी वेगळ्या करताना: प्रयोगशाळेत नव्याने आलेल्यांसाठी

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या प्रयोगशाळांमध्ये दरवर्षी जून-जुलैच्या सुमारास एम.एस्सी. झालेली मुले-मुली रुजू होतात, आणि पहिल्या महिन्याभरातच कोणीतरी त्यांच्या हातात एक चुंबक, एक बोटभर लांबीचा कॉलम आणि तपकिरी द्रवाची लहानशी कुपी ठेवून ‘याने रक्तातून मोनोसाइट (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वेगळ्या काढा’ असे सांगतो. किटसोबत आलेल्या कागदावर पायऱ्या नीट छापलेल्या असतात, तरीही पहिल्या तीन-चार प्रयत्नांत पेशी हाती लागत नाहीत किंवा लागल्या तरी शुद्ध नसतात. अशा वेळी दोष चुंबकाला दिला जातो. या कामात बरीच वर्षे घालवल्यावर माझे मत असे झाले आहे की चुंबक हा या साखळीतला सर्वांत निर्दोष दुवा आहे. चूक दिसते त्याच्यापाशी, पण घडलेली असते दोन-तीन तास आधी. म्हणून या लेखात चुंबकापर्यंत पोहोचण्यापूर्वीच्या कामाला अधिक जागा दिली आहे.

कण कसे असतात

हे कण लोहाच्या ऑक्साइडचे, म्हणजे मॅग्नेटाइट किंवा मॅगहेमाइटचे असतात. नेहमीच्या लोखंडाच्या कणांना एकदा चुंबक लावला की नंतरही त्यांच्यात थोडे चुंबकत्व उरते आणि ते एकमेकांना चिकटून गोळे करतात. ऑक्साइडचा कण साधारण २० नॅनोमीटरपेक्षा लहान केला, तर चुंबक जवळ असेपर्यंतच तो ओढला जातो आणि चुंबक दूर नेताच सारे विसरून पुन्हा द्रवात मोकळा तरंगतो. या गुणाला सुपरपॅरामॅग्नेटिक म्हणतात आणि संपूर्ण तंत्र याच विसराळूपणावर उभे आहे. मोठ्या आकाराच्या बीडमध्येही आत असेच असंख्य बारीक कण पॉलिमरच्या गोळ्यात बसवलेले असतात. त्यावर प्रतिपिंड (अँटिबॉडी) जोडलेले असते, आणि ते प्रतिपिंड पेशीच्या पृष्ठभागावरील ठरावीक प्रथिन, उदाहरणार्थ मोनोसाइटवरील सीडी१४, ओळखून त्याला धरते.

बाजारात दोन घराणी आहेत. एक मोठ्या बीडचे, म्हणजे १, २.८ किंवा ४.५ मायक्रोमीटरच्या गोळ्यांचे. नॉर्वेचे रसायनशास्त्रज्ञ जॉन उगेलस्टाड यांनी १९७०च्या दशकात तंतोतंत एकसारख्या आकाराचे पॉलिस्टायरीनचे गोळे तयार करण्याची रीत शोधली, आणि पुढे त्यातूनच डायनाबीड्स आले. हे कण इतके सशक्त ओढले जातात की ट्यूब चुंबकाच्या खाचेत उभी केली की मिनिट-दोन मिनिटांत भिंतीवर तपकिरी पट्टा जमतो. दुसरे घराणे सुमारे ५० नॅनोमीटरच्या कणांचे, जे श्टेफान मिल्टेनयी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मांडलेल्या, चुंबकाने पेशी वेगळ्या करण्याच्या मॅक्स पद्धतीत वापरले जातात. एवढ्या लहान कणांवर साध्या चुंबकाची ओढ पुरत नाही, कारण ओढ नुसत्या क्षेत्राच्या जोरावर ठरत नसून ते क्षेत्र थोड्या अंतरात किती झपाट्याने बदलते यावर ठरते. म्हणून पोलादी बारीक गोळ्या भरलेला कॉलम चुंबकात बसवतात. प्रत्येक गोळीच्या कडेशी क्षेत्र एकदम तीव्र होते आणि लेबल झालेली, म्हणजे कण लागलेली, पेशी तेथे अडकते. कॉलम चुंबकातून बाहेर काढला की गोळ्यांचे चुंबकत्व जाते आणि पेशी सुटते.

कोणते घ्यावे, याचा निर्णय पुढच्या वापरावरून करावा. पेशीतून फक्त डीएनए, आरएनए किंवा प्रथिने काढायची असतील, तर मोठे बीड स्वस्त आणि जलद पडतात. पेशी बीडसकटच फोडल्या तरी चालते. पेशी फ्लो सायटोमीटरवर (लेसरने एकेक पेशी तपासणाऱ्या यंत्रावर) तपासायच्या किंवा वाढवायच्या असतील, तर लहान कण बरे. ते साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाहीत, लेसरला आड येत नाहीत आणि बहुतेक कामांत काढून टाकावे लागत नाहीत.

याच्याच जोडीला आणखी एक निवड करायची असते: हव्या त्या पेशींना कण लावून त्या पकडायच्या, की नको असलेल्या सगळ्यांना कण लावून हव्या त्या मोकळ्या वाहू द्यायच्या. पहिल्या रीतीने शुद्धता सहसा अधिक मिळते, पण सीडी१४ सारख्या प्रथिनाला प्रतिपिंड चिकटल्याने पेशीला कधीकधी संकेत जातो आणि ती ‘जागी’ होते. दुसऱ्या रीतीने पेशी अस्पर्श राहतात. प्रथम शिकताना पहिलीच रीत घ्यावी, कारण तिच्यात काय चुकले हे लवकर कळते. पुढील पायऱ्या तिच्याच आहेत.

रक्त प्रयोगशाळेत येण्याआधी

मानवी रक्त वापरायचे तर नैतिकता समितीची मंजुरी आणि दात्याची लेखी संमती हाती असली पाहिजे, आणि रक्त हाताळणाऱ्या प्रत्येकाने हिपॅटायटिस-बीची लस पूर्ण घेतलेली असली पाहिजे. यात सवलत नाही.

रक्त, ते गोठू नये म्हणून, ईडीटीएच्या जांभळ्या बुचाच्या किंवा हेपॅरिनच्या हिरव्या बुचाच्या ट्यूबमध्ये घ्यावे आणि १८ ते २२ अंशांच्या आसपास ठेवून शक्य तितक्या लवकर, बरे तर चार तासांत, वापरात आणावे. येथे आपल्याकडच्या हवेमुळे एक नेमकी चूक होते. एका मे महिन्यात ठाण्यातील एका संकलन केंद्रातून आमच्याकडे नमुने येत असत. उकाड्याची काळजी घेऊन तिथल्या माणसाने ट्यूबा थेट गोठलेल्या जेल-पॅकवर आडव्या ठेवून पाठवल्या. हेतू चांगला होता. परंतु गार रक्त फायकॉलवर (पेशींचे थर वेगळे करणाऱ्या जड द्रवावर) चढवले तेव्हा पांढऱ्या पेशींचा थर पसरट आणि लालसर आला, त्यात ग्रॅन्युलोसाइट (दुसऱ्या प्रकारच्या, नको असलेल्या पांढऱ्या पेशी) मिसळल्या आणि तीन दिवस आम्ही बीडचा लॉट खराब म्हणून कंपनीला पत्रे लिहीत बसलो. ट्यूब आणि जेल-पॅक यांच्यात घडी केलेला जाड टॉवेल घालणे आणि पॅक गोठवण्याऐवजी खोलीच्या तापमानाला आणलेला वापरणे, एवढाच त्यावरचा उपाय निघाला. पावसाळ्यात ऐरोलीच्या पुलाकडे किंवा रबाळ्याच्या वळणावर गाडी अडकण्याची शक्यता गृहीत धरूनच रक्त काढण्याची वेळ ठरवावी. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरच्या लोकलने, तिहेरी बंद वेष्टनात नमुना आणणारा जबाबदार माणूस अनेकदा मोटारीच्या आधी पोहोचतो.

त्या दिवशी आपल्या औद्योगिक पट्ट्यात दुरुस्तीसाठी वीज बंद राहणार नाही ना, हेही सकाळीच विचारून घ्यावे. सेंट्रिफ्यूज मध्येच थांबला तर थर विस्कटतो आणि तो नमुना परत मिळत नाही.

बफर

बफर साधे असते: पीबीएस (फॉस्फेटयुक्त खारट द्रावण), त्यात ०.५ टक्का बोवाइन सीरम अल्ब्युमिन आणि २ मिलिमोलर ईडीटीए, पीएच ७.२. अल्ब्युमिनमुळे पेशी प्लॅस्टिकला आणि कणांना उगाच चिकटत नाहीत. ईडीटीए कॅल्शियम बांधून ठेवते, त्यामुळे पेशी एकमेकींना धरत नाहीत. दोन्हींपैकी एक विसरले तर पेशींचे गठ्ठे होतात, आणि गठ्ठा झाला की त्यातल्या एका पेशीला लागलेला कण बाकीच्या दहा निरपराध पेशींनाही सोबत ओढतो.

बफर ०.२२ मायक्रोमीटरच्या गाळणीतून व्हॅक्यूम लावून गाळावे, म्हणजे ते निर्जंतुकही होते आणि त्यातील विरघळलेली हवाही बरीच निघून जाते. थंड द्रवात हवा अधिक मुरते. फ्रिजमधून काढलेले, हवा न काढलेले बफर कॉलममध्ये शिरून जरा कोमट झाले की तीच हवा बारीक बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते, गोळ्यांमधल्या फटी बंद करते आणि थेंब पडणे थांबते. कॉलम ‘तुंबला’ अशी तक्रार जेव्हा येते, तेव्हा मी आधी बफरची बाटली हलवून पाहते.

पांढऱ्या पेशी वेगळ्या करणे

१५ मिलिलिटर रक्तात तेवढेच पीबीएस मिसळावे. ५० मिलिलिटरच्या ट्यूबमध्ये १.०७७ घनतेचे १५ मिलिलिटर फायकॉल घेऊन, ट्यूब तिरकी धरून, पिपेटचे टोक भिंतीला टेकवून रक्त त्यावर इतके सावकाश सोडावे की दोन थरांमधली रेषा स्पष्ट राहील. मग खोलीच्या तापमानाला ४०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ४०० पट) बलाने ३० मिनिटे फिरवावे आणि ब्रेक बंद ठेवावा. ब्रेक चालू राहिला तर यंत्र झटक्याने थांबते आणि तयार झालेला थर ढवळला जातो. नवख्यांच्या हातून सर्वाधिक होणारी चूक हीच आहे, कारण आधीच्या माणसाने ब्रेक चालू करून ठेवलेला असतो आणि पडद्यावरचा तो आकडा कोणी वाचत नाही.

यंत्र थांबल्यावर वर पिवळा प्लाझ्मा, मध्ये फायकॉल, तळाशी गडद लाल थर, आणि प्लाझ्मा-फायकॉलच्या सीमेवर ताकावर धरलेल्या सायीसारखा धूसर पट्टा दिसतो. तोच हवा असतो. तो पास्चर पिपेटने गोलाकार फिरवत उचलावा. हावरेपणाने फायकॉल अधिक ओढले तर ग्रॅन्युलोसाइट सोबत येतात. भरपूर बफर घालून ३०० जीला १० मिनिटे धुवावे आणि नंतर २०० जीला १० ते १५ मिनिटे पुन्हा धुवावे. ही दुसरी, संथ धुलाई प्लेटलेट काढण्यासाठी आहे. ती वेळ वाचवण्यासाठी गाळू नये, कारण प्लेटलेट मोनोसाइटना बिलगतात आणि गठ्ठे करतात.

आता पेशी २० मिलिलिटर बफरमध्ये मिसळून मोजाव्यात. समजा मेलेल्या पेशींना निळे करणारा ट्रायपॅन ब्ल्यू रंग समप्रमाणात मिसळून न्यूबाउर चेंबरच्या, म्हणजे पेशी मोजण्याच्या आखीव काचेच्या, चार कोपऱ्यांतील चौकटींत मिळून २०० जिवंत पेशी दिसल्या. सरासरी ५०, त्याला १०,००० ने आणि विरलनाच्या २ ने गुणले की मिलिलिटरमागे १० लाख, म्हणजे २० मिलिलिटरमध्ये २ कोटी पेशी झाल्या. निळ्या, म्हणजे मेलेल्या पेशींची वेगळी नोंद करावी. मेलेली पेशी प्रतिपिंडाला कसलाही विचार न करता चिकटते, आणि त्यांचे प्रमाण दहा टक्क्यांवर गेले असेल तर पुढे जाण्यापूर्वी कारण शोधलेले बरे. शेवटी सारे मिश्रण ३० किंवा ४० मायक्रोमीटरच्या जाळीतून गाळावे.

कण लावणे

या पायरीवर प्रमाण पेशींच्या संख्येवर ठरते, रक्ताच्या आकारमानावर नाही. सीडी१४ च्या लहान कणांसाठी नेहमीचे प्रमाण असे: दर १ कोटी एकूण पेशींमागे ८० मायक्रोलिटर बफर आणि २० मायक्रोलिटर कण. आपल्या २ कोटींसाठी १६० आणि ४०. पेशींची मोजणी अंदाजाने केली आणि प्रत्यक्षात त्या दुप्पट असल्या, तर कण कमी पडतात आणि निम्म्या मोनोसाइट न पकडल्या जाता वाहून जातात. उलट कण जास्त घातले तर नको त्या पेशींनाही थोडे थोडे लागतात. म्हणूनच मोजणीला मी या कामाचा कणा मानते.

पेशी ३०० जीला १० मिनिटे फिरवून वरचा द्रव पूर्ण काढून टाकावा. तळाशी अर्धा मिलिलिटर उरला तर वरचे सारे प्रमाण बिघडते. मग बफर, मग कण घालून हलक्या हाताने मिसळावे आणि २ ते ८ अंशांना १५ मिनिटे ठेवावे. ही जागा म्हणजे फ्रिज, बर्फ नव्हे. बर्फावर प्रतिपिंड सावकाश बांधले जाते आणि १५ मिनिटे अपुरी पडतात. बाहेर टेबलावर ठेवले तर मोनोसाइट, ज्यांचा धंदाच दिसेल ते गिळण्याचा आहे, कण गिळू लागतात आणि इतर पेशींना ते नकळत चिकटतात. सीडी१४ सोडून इतर प्रथिनांसाठी काम करताना मोनोसाइट आणि बी पेशींवरील एफसी रिसेप्टर (कोणत्याही प्रतिपिंडाचे शेपूट धरणारी प्रथिने) आधी अडवणारे द्रावण घालण्याची सूचना असते, ती याच कारणाने पाळावी.

मोठे बीड वापरत असाल तर दोन फरक लक्षात ठेवावेत. ते कुपीत तळाशी बसतात, म्हणून घेण्यापूर्वी ३० सेकंद नीट हलवून एकजीव करावेत, नाहीतर पहिल्याला पाणी आणि शेवटच्याला गाळ मिळतो. शिवाय ते अनेकदा सोडियम अझाइडमध्ये ठेवलेले असतात आणि अझाइड पेशींना मारते, म्हणून चुंबकावर एकदा बफरने धुऊनच घालावेत. पेशींसोबत ते संथ फिरणाऱ्या रोटेटरवर ठेवावे लागतात, कारण स्वस्थ ठेवले तर ते बसून जातात.

आमच्याकडच्या दमट हवेत फ्रिजमधून काढलेल्या ट्यूबवर क्षणात पाणी साचते आणि मार्करने लिहिलेले नाव हाताला पुसून येते. जुलैत दोन दात्यांच्या ट्यूबा अशा निनावी झालेल्या मी पाहिल्या आहेत. बुचावर आणि अंगावर, दोन्हीकडे, पेन्सिलीने लिहिलेली कागदी पट्टी लावावी.

१५ मिनिटांनंतर १ ते २ मिलिलिटर बफर घालून ३०० जीला १० मिनिटे फिरवावे, म्हणजे सुटे राहिलेले कण जातात, आणि पेशी ५०० मायक्रोलिटरमध्ये घ्याव्यात.

कॉलमवर

लहान, एमएस कॉलममध्ये १ कोटीपर्यंत लेबल झालेल्या आणि २० कोटीपर्यंत एकूण पेशी मावतात. मोठ्या, एलएस कॉलममध्ये हेच आकडे १० कोटी आणि २०० कोटी आहेत. आपल्या कामाला लहान पुरतो. चुंबकात बसवून आधी ५०० मायक्रोलिटर बफरने ओला करावा, आणि ते पहिले थेंब पूर्ण निघून गेल्यावरच पेशी घालाव्यात. या पहिल्या थेंबांकडे टक लावून पाहावे: ते एका लयीत पडले पाहिजेत. लय तुटली तर कॉलममध्ये हवा आहे, आणि पेशी घालण्यापूर्वीच कॉलम बदलावा.

पेशींचा द्रव उतरला की तीन वेळा ५००-५०० मायक्रोलिटर बफरने धुवावे, आणि प्रत्येक वेळी वरचा भाग रिकामा झाल्यावरच पुढचे बफर घालावे. खाली वाहून आलेला सर्व द्रव ‘निगेटिव्ह’ असे लिहून जपून ठेवावा. नवखे तो सिंकमध्ये ओततात आणि पेशी हरवल्यावर त्याच्यासाठी हळहळतात, कारण त्या बहुधा तिथेच गेलेल्या असतात.

मग कॉलम चुंबकातून काढून ‘पॉझिटिव्ह’ असे लिहिलेल्या नव्या ट्यूबवर धरावा, १ मिलिलिटर बफर घालावे आणि सोबतचा दट्ट्या एका दमात, ठामपणे दाबावा. अर्धवट थांबत दाबला तर बऱ्याच पेशी गोळ्यांतच राहतात. शुद्धता कमी वाटली तर हेच मिश्रण दुसऱ्या नव्या कॉलममधून पुन्हा न्यावे. दट्ट्या वर ओढून पुन्हा दाबण्याचा मोह टाळावा. हवा आत जाते आणि पेशी फुटतात.

मिळालेल्या पेशी तपासणे

तीन ट्यूबांतून, म्हणजे मूळ मिश्रण, निगेटिव्ह आणि पॉझिटिव्ह यांतून, थोड्या थोड्या पेशी घेऊन फ्लो सायटोमीटरवर सीडी४५ (सर्व पांढऱ्या पेशींवरील खूण), सीडी१४ आणि मृत पेशी दाखवणारा रंग असे लावावे. सीडी१४ चे चमकणारे प्रतिपिंड शक्यतो कणावरील प्रतिपिंडापेक्षा वेगळ्या जागी बसणारे निवडावे. ती जागा कणांनीच व्यापलेली असेल तर पेशी असूनही चमक फिकी येते आणि शुद्धता खोटी कमी दिसते.

आपल्या उदाहरणात मूळ २ कोटींत १५ टक्के, म्हणजे ३० लाख मोनोसाइट होत्या असे धरू. पॉझिटिव्ह ट्यूबमध्ये एकूण २४ लाख पेशी मिळाल्या आणि त्यांतल्या ९५ टक्के सीडी१४ च्या होत्या, तर त्या २२.८ लाख झाल्या. शुद्धता ९५ टक्के आणि प्राप्ती, म्हणजे मूळ ३० लाखांपैकी हाती लागलेला वाटा, ७६ टक्के. वहीत हे दोन्ही आकडे लिहावेत. एकटी शुद्धता फसवी असते. अगदी थोड्याच पेशी पकडूनही ती ९९ टक्के येऊ शकते. प्राप्ती कमी असेल आणि निगेटिव्हमध्ये मोनोसाइट भरपूर दिसत असतील, तर कण कमी पडले किंवा वेळ कमी दिला. निगेटिव्हमध्येही त्या नसतील, तर त्या कॉलममध्ये अडकल्या किंवा त्याआधीच्या धुलाईत, वरचा द्रव ओतताना गेल्या.

दुर्मीळ पेशींचा शोध

वेगळे करण्याचे तंत्र शोधाचेही तंत्र होते, ते पेशी फार थोड्या असतात तेव्हा. कर्करोगाच्या गाठीतून सुटून रक्तात फिरणाऱ्या पेशी हे त्याचे ठळक उदाहरण. सेलसर्च या पद्धतीला अमेरिकेच्या एफडीएने २००४ मध्ये पसरलेल्या स्तनकर्करोगासाठी मान्यता दिली. तीत ७.५ मिलिलिटर रक्तात एपकॅम प्रथिन ओळखणारे चुंबकीय कण घालतात, आणि पकडलेल्या पेशींपैकी ज्यांत केंद्रक आहे, सायटोकेराटिन (अवयवांच्या अस्तरातील पेशींचे प्रथिन) आहे आणि सीडी४५ नाही, त्यांनाच कर्कपेशी म्हणून मोजतात. स्तनकर्करोगात ५ किंवा अधिक आढळल्यास रोगाचा पुढील प्रवास अधिक कठीण मानला जातो. एवढ्या रक्तात तांबड्या पेशी सुमारे ३,७५० कोटी आणि पांढऱ्या काही कोटी असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या पाच पेशींचे मोल कळते. मर्यादाही याच रचनेत आहे: काही कर्कपेशी पसरताना एपकॅम टाकून देतात आणि मग हे जाळे त्यांच्यासाठी नसल्यासारखेच असते. म्हणून अशा चाचणीत शून्य आले तर ‘या खुणेच्या पेशी सापडल्या नाहीत’ एवढेच लिहावे.

प्रतिपिंडाशिवायही चुंबक काम करतो, याचे एक उदाहरण आपल्या पावसाळ्याच्या फार जवळचे आहे. हिवतापाचा परजीवी तांबड्या पेशीतले हिमोग्लोबिन पचवतो आणि उरलेल्या लोहाचे हिमोझॉइन नावाचे तपकिरी स्फटिक करून ठेवतो. हे स्फटिक चुंबकाकडे ओढले जातात. त्यामुळे परजीवी वाढवणाऱ्या प्रयोगशाळांत संवर्धन थेट कॉलममधून नेले की प्रौढ अवस्थेतील परजीवी असलेल्या पेशी कॉलममध्ये अडकतात आणि निरोगी पेशी निघून जातात. एकाही कणाची गरज पडत नाही. कोवळ्या, कड्याच्या अवस्थेत स्फटिक नगण्य असल्यामुळे त्या मात्र निसटतात.

आवराआवर

उरलेले रक्त आणि द्रव सोडियम हायपोक्लोराइटमध्ये मुरवून निर्जंतुक करावेत. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार ट्यूब आणि टिपांसारखे दूषित प्लॅस्टिक लाल पिशवीत आणि सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात जातात. कॉलम एकदाच वापरायचा असतो. धुऊन पुन्हा वापरल्यास आदल्या दात्याच्या पेशी दुसऱ्याच्या अहवालात येतात. चुंबक ७० टक्के अल्कोहोलने पुसून कोरडा ठेवावा, कारण खारट बफर आणि वाशी-ऐरोलीची खाडीची हवा मिळून त्यावर गंज धरायला वेळ लावत नाहीत. दोन चुंबक शेजारी ठेवू नयेत; एकमेकांवर आदळताना त्यांच्यामध्ये बोट सापडले तर टाके घालावे लागतात. पेसमेकर असलेल्या व्यक्तीला या टेबलापाशी उभे करू नये.

कण मात्र फ्रिजमध्येच ठेवावेत, फ्रीझरमध्ये कधीच नाही. गोठून वितळलेले कण गोळे करतात, कुपी दिसायला तशीच तपकिरी असते, आणि पुढच्या माणसाचा महिना जातो.